शाफ्निल आणि मीटर

इंडोनेशियातल्या पाडांगच्या मोठ्या बाजारामागे शाफ्निलचं दुकान होतं. गावातल्या बऱ्याचशा अंगकोतमधल्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या प्रवासी गाड्यांमधल्या, गाण्यांचा आवाज त्याच्याच हातचा. पाडांगमध्ये अंगकोत नुसती रंगवून भागत नाही. कॉलेजच्या पोरी गाडी आधी लांबून ऐकतात आणि मगच हात करतात. गाण्याचा बास छातीत घुमला नाही तर गाडी रिकामीच पुढे जाते. त्यामुळे ड्रायव्हर लोकांत शाफ्निलला मान होता. सगळे त्याला ‘उदा’ म्हणत, म्हणजे दादा.

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर जोडताना तो वीज मोजायचं मीटर क्वचितच काढी. स्पीकरच्या टोकांना बॅटरी टेकवायची, ‘टप्प’ ऐकायचं, की त्याला सगळं कळे. पण जन्मभर त्या दणदणाटात बसून त्याच्या उजव्या कानात रातकिडे ओरडायला लागले होते. डावाही मंदावला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. माणसाचा चेहरा बघायचा, अंदाजानं मान हलवायची, असं त्याचं चाललं होतं.

एके दिवशी जोनेदी दुकानासमोर येऊन उभा राहिला. हा विद्यापीठाच्या रस्त्यावर गाडी चालवी.

“उदा, तुम्ही लावलेला अ‍ॅम्प पेटला. सीटखालून धूर आला, पोरी चालत्या गाडीतून उतरायला निघाल्या. आवाज फाटतोय, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही मान हलवलीत. ऐकलंच नव्हतंत का?”

बातमी कॉफीच्या टपरीवर पोचली आणि ‘बहिऱ्याकडून गाणं शिका’ असं कुणीतरी बोललं. शाफ्निलनं शटर ओढलं ते ओढलंच.

आता बायकोच्या घरी दिवसभर बसून राहणं ही काही नवऱ्याला शोभणारी गोष्ट नव्हे. इथल्या रीतीनं नवरा बायकोकडे राहतो; घर बायकोच्या आईचं, तिथं पुरुषानं रात्री यावं, सकाळी कामाला लागावं. शाफ्निल पायरीवर बसून भाज्या निवडू लागला. त्याची बायको रोस्निता दारातच लोन्तोंगचा, म्हणजे पानात उकडलेल्या भाताच्या वड्यांचा, गाडा लावी. दोन-चार दिवस तिनं हे बघितलं.

“उदा, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कधीचं ठाऊक आहे,” ती त्याच्यासमोर बसून म्हणाली. “मी पाठीमागून विचारलं, जेवायला काय करू, तर तुम्ही म्हणालात, हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले. त्यालाही हो म्हणालात.”

तो पहिल्यांदाच हसला. तिनं पुढे विचारलं, “तुमच्या डब्यात ते मीटर पडलंय, त्याला काय कान लागतात?”

“नाही. आकडा वाचायचा असतो.”

“मग डोळे शाबूत आहेत की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीटर घेऊन स्वतःच जोनेदीच्या घरी गेला. जोनेदीचं तोंड आंबट झालं, पण दारात आलेल्या थोरल्या माणसाला नाही म्हणवेना.

शाफ्निलनं स्पीकरच्या तारा आधी अ‍ॅम्पपासून सोडवल्या. मीटरच्या दोन टोचण्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघून ठेवला, म्हणजे तो नंतर वजा करता येतो. मग टोचण्या स्पीकरच्या पेटीला लावल्या. पेटीवर विजेला होणारा विरोध चार ओहम लिहिलेला. अशा स्पीकरला मीटर चारच्या जरा खालचा आकडा दाखवतं. इथं दोनसुद्धा भरेनात.

पाणी कुठंतरी मुरत होतं. त्यानं पेटी उघडली. आतल्या स्पीकरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, होत्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी जोडलेल्या. वीज दोन वाटांनी धावत होती, विरोध निम्मा झाला होता, आणि बिचारा अ‍ॅम्प झेपेल त्याच्या दुप्पट ओढत होता.

“हे कुणी केलं?”

जोनेदीनं मान खाजवली. “मेव्हण्यानं, तुमच्याकडे आणायच्या आधीच. आवाज वाढतो म्हणाला.”

“वाढतो. धूरही निघतो.”

“म्हणजे चूक तुमची नव्हतीच की.”

“होती,” शाफ्निल म्हणाला. “जोडण्याआधी मोजलं असतं तर तिथंच कळलं असतं. आणि आवाज फाटतोय हे तू सांगितलंस तेही मला ऐकू आलं नव्हतं. उजवा कान गेलाय माझा. डावाही अर्धा.”

हे तो बाहेरच्या माणसाशी प्रथमच बोलला. जोनेदी वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आला आणि जरा मोठ्यानं म्हणाला, “मग आता कसं करायचं?”

शाफ्निलनं दोन्ही कॉइल एकीपुढे एक अशा जोडल्या. मीटरचा आकडा सहाच्या वर गेला. “दणका थोडा कमी होईल, पण अ‍ॅम्प गार राहील,” तो म्हणाला. दुकानातला एक जुना अ‍ॅम्प त्यानं बसवून दिला. गाणं लावून तळहात स्पीकरच्या कागदावर ठेवला. बासचे ठोके हाताला नीट लागत होते. पण वरचे बारीक आवाज हाताला कळत नाहीत. त्यानं जोनेदीला गाडी रोस्निताच्या गाड्यासमोर न्यायला सांगितली.

ती हात पुसत मागच्या सीटवर बसली.

“कसं वाटतंय?”

“भिकार गाणं आहे.”

“गाणं नाही गं, आवाज.”

तिनं डोळे मिटून घेतले. “खालचं ठीक आहे. पण बाई पत्र्याच्या डब्यात बसून गातेय.”

शाफ्निलनं एक बटण किंचित मागे फिरवलं. “आणि आता?”

“आता बाहेर आली.”

जोनेदीची गाडी पुढे बिनबोभाट चालली. शटर उघडलं तेव्हा काही ड्रायव्हर दुसऱ्या दुकानाकडे वळलेले होते, ते फिरकले नाहीत. बाकीचे हळूहळू आले. शाफ्निल प्रत्येकाला डाव्या बाजूला उभं करी आणि मोजल्याशिवाय एकही तार जोडत नसे. पेट्यांमधून अशी मेव्हण्यांची कारागिरी आणखी बरीच निघाली. लोन्तोंग संपला की रोस्निता येई आणि एकेका गाडीत बसून ऐके. ड्रायव्हर तिलाच जास्त घाबरत. “उनी, जरा सांभाळून घ्या,” असं म्हणत; उनी म्हणजे ताई. पण ती कुणाचं ऐकत नसे.

ईदच्या आधी सगळे गाड्या सजवून घेतात. त्या वर्षी दुकानासमोर रांग लागली. रोस्नितानं गाडा बहिणीकडे सोपवला आणि दुकानात स्वतःसाठी एक खुर्ची आणून ठेवली.