वाऱ्याचा मोजा

बातमी सायकलवरून आली. बसवनगुडीत आमच्या दारात अण्णामामांच्या शेतावरचा गडी उभा राहिला आणि मान खाली घालून कानडीत म्हणाला, "यजमान होद्रु, अक्का." मामा गेले होते. त्याला आता महिना उलटला. रडून झालं, राग मात्र गेलेला नाही, आणि तो मनात दाबून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

माझे हे सख्खे मामा महायुद्धात वैमानिक होते. ब्रह्मदेशच्या जंगलात वेढल्या गेलेल्या पलटणींना ते विमानातून तांदळाची पोती टाकत. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी रंगवून सांगितल्या नाहीत. एकच सांगत... वारं फिरलं आणि पोती दरीपलीकडे, शत्रूच्या हद्दीत गेली. हुकूम परतण्याचा होता. मामा उरलेली पोती घेऊन त्याच गोळीबारातून पुन्हा खाली आले. "खालची माणसं वर बघत बसलेली गं," ते म्हणायचे, "भरवसा ठेवला होता त्यांनी."

युद्ध संपल्यावर बनशंकरीच्या पुढे माळ घेऊन त्यांनी नाचणी पेरली. खळ्याशेजारी उंच वाशावर मामींच्या जुन्या लुगड्याचा एक लांबोडका मोजा शिवून टांगला, विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवायला असतो तसा. आधी सगळे हसले. पण नाचणी उफणायला वारं लागतं, आणि पूर्वेचं वारं भरलं की मोजा आडवा व्हायचा. तो लांबून बघून आसपासच्या शेतांतली माणसं सुपं घेऊन निघू लागली.

सीमेकडच्या गावांतून शिकायला शहरात येणारी आपली मराठी मुलं तेव्हा कुणाच्या तरी पडवीत झोपत. त्यांच्यासाठी वसतिगृह व्हावं, हा मामांचा ध्यास. मंडळ त्यांनीच उभं केलं, अध्यक्ष मात्र शंकररावांना केलं, कारण शाळेपासूनचा मित्र. खळ्याच्या पूर्वेची दोन एकर जमीन मंडळाला दिली. सगळ्यांसमक्ष, तळहातावर तुळशीपत्र ठेवून उदक सोडलं.

बरेच दिवस तिथे काही हललं नाही. मग एका सकाळी पांढरे दगड रोवलेले दिसले. मंडळाच्या समितीनं जमिनीचे प्लॉट पाडून आपापसात वाटून घेतले होते. खळ्याला लागून असलेला शंकररावांकडे गेला.

"कोर्टात जा," मी तावातावानं म्हटलं.

"उदक सोडलेल्या वस्तूवर परत हक्क सांगायचा नसतो."

"आणि त्यांनी केलं ते?"

मामा म्हणाले, "ती पोरं अजून पडवीतच झोपतात गं..."

मामा मागे वळून बघणार नाहीत, हे शंकररावांना पक्कं ठाऊक होतं. त्या एका खात्रीवर त्यांनी घराचा पाया घातला. मामांना आपल्या माणसांनी फसवलं, दुसऱ्या कुणी नाही. पुढे रस्त्यात भेटले तरी मामा त्यांना नमस्कार करत आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुमजली घर उठलं तसं वारं अडलं. मोजा लोंबकळत राहिला. तरी दर सुगीआधी मामा त्याचं कापड बदलत.

शोकसभेत शंकरराव वसतिगृहाच्या स्वप्नाबद्दल बोलले आणि त्यांनी डोळेही पुसले. मी उठून बाहेर आले.

परवा मामींकडे गेले, तर तेच कुंपणापाशी उभे. "वहिनी, ते फडकं स्वल्प... जरा काढून टाका की आता. गच्चीत बसलं की नेमकं डोळ्यांसमोर येतं."

"सरी," मामींनी होकार दिला. गड्याकडून वासा आडवा करवून त्यांनी जुना मोजा सोडवला. मग आत जाऊन ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं, मामांनी आणलेलं, आता त्यांना नेसायचं नव्हतं ते. दुपारभर बसून त्याचा नवा मोजा शिवला, पहिल्याहून लांब. संध्याकाळी वासा पुन्हा उभा केला. वारं नव्हतंच. हिरवं लुगडं शंकररावांच्या गच्चीसमोर सरळ खाली लोंबत राहिलं.