चाचांच्या शब्दावर

भांडण घेऊन कुणी दारात आलं की चाचा आधी सतरंजी अंथरायचे. तीही मुद्दाम सगळ्यात अरुंद. "बसा. दोघंबी हिच्यावरच बसा." तळेगाव ढमढेऱ्यात त्यांचा मांडवाचा धंदा होता आणि माझं घर त्यांच्या शेजारी. एकदा बांधावरून हाणामारीला आलेले दोन भाऊ त्या सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले मी पाहिले. थोड्या वेळानं धाकट्याला हसू आलं. "गुडघं लागलं म्हंजी राग टिकत न्हाई, सर," चाचा मला म्हणाले.

लोडशेडिंगचे दिवस तुम्हाला आठवत असतील. राहूच्या एका तरुण लेथवाल्यानं तेव्हा एक मशीन बनवलं होतं. बॅटरीनं एकदा चाक फिरवलं, की ते स्वतःच वीज करणार आणि पंप चालवणार, असं तो सांगायचा. त्या भरवशावर आमच्याकडच्या काही जणांनी उन्हाळी भाजी लावली. मशीन वेळेवर आलं नाही. भाजी जळून गेली.

मग मशीन खरं की खोटं, याच्या चाचणीवरून वाद पेटला. "आत दुसरी बॅटरी लपवलीय, झाकण उघड," असं शेतकरी म्हणत. "झाकण उघडलं तर माझी युक्ती चोरतील," असं तो म्हणे. शेवटी सगळे चाचांकडे आले.

चाचांनी तोड काढली. झाकणाच्या आत फक्त मी बघायचं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मग सगळ्यांसमोर बॅटरी काढायची. मशीन चाललं तर लोकांनी माफी मागायची. थांबलं तर त्यानं मागायची, आणि त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. तो मात्र घाबरला होता.

"चाचा, मारतील मला."

"माझ्या शब्दावर ये. मी हाय ना."

तो मशीन घेऊन आला. मी आत पाहिलं. लपवलेलं काहीच नव्हतं. त्याचा स्वतःचाच त्या मशीनवर विश्वास होता, हे पाहून मला जास्त वाईट वाटलं.

बॅटरी काढल्यावर चाक फिरत राहिलं, पाणी आलं. टाळ्या पडल्या. मग धार बारीक झाली, आणि चाक थांबलं. तो चाकावर हात ठेवून म्हणाला, "बेअरिंग धरलंय. एकदाच परत फिरवू द्या."

एक जण पहार घेऊन पुढं आला. चाचा दोन्ही हात पसरून आडवे झाले. "तुम्ही कबूल केलंय! समद्यांनी कबूल केलंय!"

"चाचा, बाजूला व्हा. हा आम्हा शेतकऱ्यांचा मामला हाय. तुमचा काय संबंध?"

त्या पहारवाल्याच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे मांडव चाचांनी घातले होते. चाचांचे हात खाली आले. लोकांनी मशीन उलथवलं. लेथवाल्यानं चाक सोडलं नाही, आणि त्याचा पाय खाली सापडला. त्याला पुण्याला नेलं, तिथं पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर चाचा मांडव घालत राहिले, पण कुणी भांडण घेऊन आलं की दारातूनच म्हणायचे, "मला इचारू नका. माझा काय संबंध?" बाजार झाला की ते जीपनं राहूला जायचे. लेथवाला त्यांच्याशी बोलायचा नाही. त्याची आई चहा द्यायची. तो पिऊन चाचा थोडा वेळ अंगणात बसायचे आणि परत यायचे. असं कित्येक वर्षं चाललं.

चाचा गेले तेव्हा कब्रस्तानात गर्दी होती. पहारवालाही आला होता. माती देऊन लोक पांगल्यावर फाटकापाशी कुबडी वाजली. लेथवाला कबरीजवळ येऊन उभा राहिला.

"सर, मला वाकता येत न्हाई. माती तुम्ही उचलून द्या."

मी त्याच्या तळहातावर माती ठेवली.

"त्या दिवशी हेच एकटं माझ्यासाठी आडवं झालं हुतं," तो म्हणाला. "आन् मी ह्येंच्याशीच बोललो न्हाई."

त्यानं माती टाकली आणि पुन्हा हात पुढं केला. मी देत राहिलो, तो टाकत राहिला.