व्हिडिओखालचा मजकूर

अन्याय झाला तो माझ्या यमुनाआत्यावर. कधी, तेही सांगते... करोनाच्या लसीसाठी तिचा नंबर लागला होता, त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी पावणेतीनला, मोबाइलवर. कोणी केला, हे मात्र ती जाऊन पाच आठवडे झाले तरी मला धड सांगता येत नाही.

आत्या दहिसरच्या बाजारात मासळी विकायची. अक्षर एक येत नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅप झकास चालवायची. कुठलं मावरं आलंय, कोणाची सून माहेरी गेलीय, सगळं बोलून पाठवायची. मी लसीकरणाच्या प्रचारात, पत्रकं लिहिणारी. त्या दुपारी एक व्हिडिओ फिरत आला. पांढऱ्या कोटातला कोणी माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता, लस घेतली की माणूस मरतो. माझं डोकंच फिरलं. तो मी तसाच घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, हे धादांत खोटं आहे, लस घ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात गेले, तर आत्या पाटीसमोर निवांत.

"लस घेतलीस ना?"

"नाय. तूच तर धाडलंस ना, बाय! म्हटलं, पोरगी त्याच कामात हाय, तिला ठाव असंल."

"अगं, खाली लिहिलं होतं मी, खोटं आहे म्हणून!"

"खाली?" ती हसली. "तुझ्या पत्रकांत मी बोंबील बांधते गो." मग हसू गेलं. "काल धाडलंस, आज खोटं म्हणतेस. कुठली तू खरी?"

चिडली नव्हती, गोंधळली होती. जरा थांबून बघते म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, आणि मग... लस घेतली असती तर वाचली असती का? डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पत्रकात मी दोषीचं नाव पहिल्या ओळीत लिहिते. इथे कोणाचं लिहू? त्या कोटवाल्याचं? असले व्हिडिओ फिरू देणाऱ्या कंपन्यांचं? दोघांना मी सोडणार नाही. पण तिच्या हातात तो व्हिडिओ दिला मीच.

तिचा मोबाइल आता माझ्याकडे आहे. कव्हरच्या कडेला माशाचं एक खवलं चिकटलंय, ते काढवत नाही. त्याच मोबाइलवरून तिने तो व्हिडिओ बाजारातल्या बायकांना पाठवला होता, सोबत तिचा आवाज : "आमच्या पोरीने धाडलाय, खरा हाय." मी एकेकीसमोर बसून तोंडाने सांगून आले. दोघींना अजून पटलेलं नाही.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. तुमच्या ग्रुपवर जिला येत नाही, ती कोण? पेपर बाजूला ठेवा, तिला फोन लावा आणि बोला. आत्ता.