पहिल्या घासाबरोबरची गोळी

"पोकळ निघाली ना तुझी गोळी? मग आता कसला आठचा नियम?"

नवरा संध्याकाळपासून हेच घोळवत होता. त्याची उभी हयात वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली. आपल्याच घरात कुणी खोटं माप घालून जावं, हे त्याला सोसवत नव्हतं.

बायकोची साखर कित्येक वर्षं कुणाला जुमानत नव्हती. नेहमीच्या गोळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा इस्पितळाने तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. जुन्या गोळ्या तशाच, वर एक नवी. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली; कुणाला कुठली ते शेवटी सांगणार. नवरा तडक डॉक्टरांकडे गेला आणि आमच्या हिला खरीच द्या म्हणाला. ते आपल्यालाही ठाऊक नसतं असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा त्याने घरी येऊन जुना काटा काढला, गोळी तोलली आणि ताडून कशाशी बघायची हे न सुचल्याने परत डबीत टाकली.

गोळी रात्रीच्या पहिल्या घासाबरोबर, रोज ठरल्या वेळी घ्यायची होती. "जेवता किती वाजता?" असं सिस्टरने विचारलं आणि ती गडबडली. दिवसभर कपड्यांच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करून ती घरी यायची, सगळ्यांना वाढायची आणि पातेल्याच्या तळाशी असेल ते ओट्याशी उभ्यानेच संपवायची. भाजी संपलेली असे, भात उरलेला असे; टाकवत नाही म्हणून तोच पोटभर. याला वेळ काय सांगणार? तिने आपलं आठ सांगून टाकलं.

तेव्हापासून ती आठला ताट घेऊन खुर्चीवर बसू लागली. भाजी गरम असते, हा शोध तिला या वयात लागला. सासूबाईंनी पहिल्या रात्री शेजारी ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला, पण बोलता येईना. सुनेची भूक घरात कुणी मोजली नसती. इस्पितळाचा नियम मात्र सगळ्यांनी मुकाट पाळला आणि मागाहून आपापल्या हाताने वाढून घेतलं.

साखर उतरली. आपण डॉक्टरांच्या कानावर घातलं म्हणूनच खरी गोळी मिळाली, असं नवरा चार घरी सांगून आला. आणि आज चाचणी संपली, तर हिची पोकळ.

"म्हणजे फुकटच आम्ही हाताने वाढून घेत होतो," तो म्हणाला.

"उद्यापासून आधी आम्हाला वाढ गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "गार खाऊन माझं पोट बिघडलंय."

गार अन्नाने पोट बिघडतं हे सासूबाईंना ठाऊक होतं तर. तिने रिकामी डबी कचऱ्यात टाकली, ताट घेतलं आणि खुर्ची ओढली.

"गोळी बंद झाली. जेवण आठलाच. ज्याला गरम हवं त्याने माझ्याबरोबर बसावं, नाहीतर पातेलं ओट्यावर आहे."