नोराबाईंच्या रानातला किल्ला

टेकाड उतरताना धुक्यातून आधी मेंढ्या दिसल्या, मग एक दगडी मनोरा. "हाच आमच्या गावचा किल्ला," मंजिरी म्हणाली. आमची ही एकुलती एक लेक या आयरिश खेड्यात नर्स आहे. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं, त्या ब्रेंडनच्या रानातच तो उभा होता. आमचे हे मात्र नकार द्यायचं ठरवूनच सोलापुराहून निघाले होते.

भुईकोटाचे बुरूज पाहिलेल्या डोळ्यांना तो एवढासा वाटला. छप्पर कधीच गेलेलं, भिंतींवर वेली, वरच्या खिडकीतून कावळ्यांची ये-जा. खालची नदी इतकी संथ, की पाणी थांबलंय आणि त्यातले ढगच वाहतायत असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न सांगताच फिरायला गेले आणि सगळी बोरीन (दोन कुंपणांमधली चिंचोळी वाट) धुक्यात बुडाली. हाका मारून माझा घसा सुकला. ब्रेंडनच्या आई, नोराबाई, गोठ्यातून चिखलाच्या बुटांनी तशाच आल्या. किल्ल्यापाशी थांबून त्यांनी कानोसा घेतला. वरून ह्यांचा आवाज आला, "हितं हाय मी! पाय मुरगळलाय!"

नोराबाई अंधाऱ्या गोल जिन्यानं वर गेल्या. बऱ्याच वेळानं दोघं खाली आली. ह्यांचा हात त्यांच्या खांद्यावर.

घरी त्यांनी पायाला पट्टी बांधली, चहा दिला, जाड पावावर लोणी लावून दिलं. हे मंजिरीला म्हणाले, "विचार त्यांना, पडका किल्ला ठेवलाय कशाला? दगड तरी कामाला आले असते की."

मंजिरीनं विचारलं. नोराबाई हसल्या. "बांधणारे आमचे कोणी नव्हते. पण आता आमच्या रानात आहे म्हटल्यावर जपायला नको?"

हे विस्तवाजवळ सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "आमच्या पोरीला थंडी सोसत न्हाय म्हणावं."

मंजिरीनं माझा हात धरला.

"सांग की," हे म्हणाले.

तिनं कसंबसं सांगितलं. नोराबाईंनी उठून विस्तवात पीट (दलदलीतली माती वाळवून केलेलं जळण) टाकलं आणि मंजिरीची खुर्ची जवळ ओढून घेतली.

सोलापुरात उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. तो ओला, हिरवा मुलूख आता मला झोपेत दिसतो, आणि परका वाटत नाही. मैंदर्गीहून थोरल्या नणंदबाई मुद्दाम भेटायला आल्या. "लेक लई लांब दिलीस की रं!"

"लांब हाय," हे म्हणाले, "पण माणसांत दिलीय."