तोंड कुठलं, कान कुठला

कुठलीही वायर हातात आली की आमच्या मोठ्या जाऊबाई आधी यंत्राची पाठ फिरवून त्यालाच विचारत, "तुझं तोंड कुठलं, कान कुठला?" आवाज बाहेर पडतो ते तोंड, आत शिरतो तो कान. "दोन तोंडं जोडलीस, धाकटे, तर आपल्या दोघींसारखं होईल. बडबड भरपूर, पोचत काहीच नाही."

जव्हारच्या घरी मोठ्या दिरांनी हौसेनं ॲम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर आणले, तेव्हा मी स्वतःला भारी टापटिपीची समजत होते. दोन्ही स्पीकरना पुढून क्रोशाचे जाड पडदे विणून घातले. आवाज घुसमटला, तर मीच शहाणी गल्लीभर सांगत सुटले, "यंत्रच हलकं निघालं." जाऊबाई सरकारी नर्स. पडदा उचलून म्हणाल्या, "अगं, सर्दी झालीय का यांना, नाकतोंड बांधलंस?"

गेल्या वर्षी दिरांना पक्षाघात झाला. वाचा गेली, नजर भिंतीवर. टीव्ही लावला तरी मान वळेना. जाऊबाईंनी ठरवलं, यांना यांच्याच स्पीकरमधून ऐकवायचं. पण नव्या टीव्हीचं तोंड चौकोनी, त्यातून नुसता तांबडा उजेड यायचा. जुन्या ॲम्प्लिफायरचा कान गोल, त्याला तार हवी. मग मधे बसवायला एक छोटी डबी मागवली. "हा आपला दुभाषा," जाऊबाई म्हणाल्या. सगळं जोडलं. नुसती खरखर.

"द्या फेकून," मी म्हटलं.

"थांब गं. सूर्यमाळच्या पाड्यांवर नवा डॉक्टर आला की त्याचं बोलणं बायकांना मीच सांगायचे. नुसते शब्द बदलून भागायचं नाही. शेवटी डॉक्टरलाच म्हणायचं, साहेब, जरा साधं बोला."

त्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाच-सहा स्पीकरांसाठीचा आवाज काढून टाकला, साधा दोन स्पीकरांचा ठेवला. बातम्या खणखणीत सुरू झाल्या. दिरांची मान हळूहळू स्पीकरकडे वळली. त्या दिवसापासून रोज सकाळी टीव्ही लावून त्या आत जात, आणि थोड्या वेळानं पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येत. "येतंय ना ऐकू?"

दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी टीव्ही लावला. डबीचा दिवा लागला, आवाज स्वच्छ आला. दिरांनी मान वळवली, पण स्पीकरकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

बातम्या संपल्या, जाहिराती लागल्या. दीर दाराकडेच बघत होते. मी आवाज बंद केला नाही. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि मीही दाराकडे बघत बसले.