भंगलेल्या मूर्ती आणि आमचे बाबा

मी पेण सोडलं त्या दिवशी बाबा एसटी स्टँडवर आले होते खरे, पण त्यांचा सगळा वेळ कंडक्टरशी भांडण्यात गेला. माझ्या चित्रांच्या गुंडाळीला लगेज लागतं की नाही, यावरून दोघांचं असं जुंपलं की गाडी सुटताना बाबांनी हात हलवला तोही त्याला दम द्यायला. त्याआधी भेटेल त्याला सांगत होते, "दिनू लेणी बघायला चाललाय. येईल चार दिवसांत."

अहो, मला औरंगाबादच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली होती! पण गणपतीच्या कारखानदाराचा एकुलता एक मुलगा कारखाना टाकून नोकरीला जातो, हे गावाला सांगण्यापेक्षा सहल सांगणं त्यांना सोपं गेलं. त्या चार दिवसांत माझे केस पिकले, मुलगी कॉलेजात गेली, शहराचं नाव बदललं. बाबांच्या लेखी मी अजून सहलीवरच आहे.

आल्या आल्या मी काय दिवे लावले ते पेणच्या मंडळींना कधी कळू दिलं नाही. पहिल्या तासाला फळ्यावर वर्तुळ काढलं, तर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, कामून?" मला वाटलं, कमान म्हणतोय. दरवाज्यांचं शहर, इथल्या पोरांना कमानीचीच ओढ असणार, असं म्हणत मी गहिवरून वर्तुळ पुसलं आणि झकास कमान काढली. "पण कामून, सर?" मी दुसरी काढली. फळा कमानींनी भरला तेव्हा शेजारच्या वर्गावरच्या बाई पदर तोंडाला लावून आत आल्या. "अहो सर, पोरगं 'का' म्हणून विचारायलंय!" पुढं त्याच बाईंशी माझं लग्न झालं. सुनंदा आजही मी मुद्दा सोडून बोलायला लागलो की म्हणते, "झाली कमान सुरू."

तर मुद्दा. मुद्दा रागाचा आहे. पेणला गेलो की चौकात ठरलेला प्रश्न: "काय मास्तर, अजून लेणी बघून झाली नाहीत?" आणि इथं पुंडलिकनगरात शेजाऱ्याला म्हणावं, चला, रविवारी संग्रहालयात जाऊ, तर तो म्हणतो, "काय ठिवलंय तिथं? दगडंच की!" आणि लगेच नळाला पाणी कधी येणार या विषयावर जातो. जन्म इथं गेला तरी वेरूळला न गेलेली माणसं मला माहीत आहेत. सांगायला गेलं की मीच येडा! तिकडं मी दगडांच्या नादानं घर सोडलेला, इकडं दगडांच्या नादानं रविवार घालवणारा. आमच्यासारख्यानं जावं कुठं?

मी जातो तिथंच. गणपती गेले की दिवाळीपर्यंत पेणचे कारखाने जरा श्वास घेतात. ते अंगात इतकं मुरलंय की शरद ऋतू आला की माझे पाय आपोआप मोकळे होतात. ऑक्टोबरच्या उन्हात स्कूटर काढायची, पडेगावच्या रस्त्यावर सीताफळं घ्यायची, लेण्यांत उभं राहायचं. गुडघे कुरकुरले की शहरातलं एखादं संग्रहालय. त्यातलं एक लहानसं मला फार प्रिय आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं मला पुन्हा तोंड दाखवायचंय.

यंदा दसऱ्यानंतर बाबांचा फोन आला. "येतोय. कारखाना तू बघणार की चंदूच्या ताब्यात देऊ, ते तोंडावर विचारायचंय." चंदू माझा चुलतभाऊ, बाबांच्या हाताखाली तयार झालेला. माझं उत्तर 'नाही' असंच होतं. पण नुसतं 'नाही' म्हणायचं नव्हतं मला. इतक्या वर्षांत एकदाही न आलेल्या माणसानं आधी बघावं, मी कशासाठी राहिलो ते. मग मी ठणकावून नाही म्हणेन. काय बोलायचं त्याची आरशासमोर तालीमसुद्धा केली.

वेरूळच्या पायऱ्या बाबांना झेपणार नव्हत्या म्हणून त्यांना माझ्या लाडक्या संग्रहालयात नेलं. त्यांनी दारातच चपला काढल्या.

"काका, चपला घाला, फरशी पुसली नाय अजून," पहारेकरी म्हणाला.

"देवासमोर चपला?" बाबा अनवाणीच आत शिरले आणि पहिल्या मूर्तीपाशी थबकले. तिला नाक नव्हतं. दुसरीला हात नव्हते. तिसऱ्या मूर्तीचं कमरेवरचं सगळंच गेलेलं. बाबांचा चेहरा लाल होत गेला. पहारेकऱ्याकडे वळून त्यांनी कडक आवाजात विचारलं, "यांचं विसर्जन कधी?"

"विसर्जन? झालं की काका, चतुर्दशीलाच. लई गर्दी होती."

"गणपतीचं नाही हो, यांचं! भंगलेल्या आहेत सगळ्या!"

आमच्या कारखान्यात मूर्तीचं बोट जरी उडालं तरी ती गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. शाडूची असली तर पुन्हा भिजवून माती करतात. भंगलेली मूर्ती उभी ठेवणं म्हणजे बाबांच्या दृष्टीनं मढं घरात ठेवणं. आणि मी त्यांना हौसेनं अशा मूर्तींनी भरलेल्या इमारतीत आणलं होतं! इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली माती मळली, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. तालीम आरशासमोर केली, तिथं मला मीच दिसत होतो, दुसरं काय?

मग माझं डोकं सणकलं. "बाबा, हे पूजेचे देव नाहीत आता. ही कला आहे! ही रेघ बघा, खांद्यावरून अशी उतरते, कमरेशी अशी वळते..." आणि ती रेघ दाखवता दाखवता माझा तळवा देवीच्या कमरेवरून फिरला. शिट्टी वाजली.

"ओ सर! शिकलेले दिसता आन् हात लावता? सोबतच्या काकांना तर समजतंय!"

सहलीला आलेल्या पोरींचा घोळका फिस्सकन हसला. आणि बाबांनी नेमकी तीच वेळ साधली. "एवढ्यासाठी गेलास? फुटक्या देवांसाठी? आपल्याकडे धडधाकट होते की!"

"हो, यांच्यासाठीच गेलो!" मी ओरडलो. "तुमचे दरवर्षी बुडतात. हे राहिलेत!"

बोललो आणि जीभ चावली. मूर्ती बुडते म्हणून तर कारखाना चालतो, आणि त्या कारखान्यावरच मी वाढलो. बाबा समोरच्या बाकावर बसले. मी तावातावानं पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा ते त्याच देवीकडे बघत होते. तिचे डोळे झिजून तिथं नुसते उंचवटे उरलेत. बाबांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, कुंचला धरल्यासारखी. मूर्तीचे डोळे आखतात तशी.

"काय करताय?"

"काही नाही. उगाच." मग म्हणाले, "मान बघ कशी ठेवलीय. नजर खाली असणार हिची."

मला वाटलं, आता कारखान्याचं विचारतील. विचारलं नाही. जेवताना नाही, गुलमंडीत शाल घेताना नाही. सुनंदाही म्हणाली, "तुम्हीच काढा की विषय." मी कशाला काढू? प्रश्न त्यांचा, उत्तर माझं, आणि ते तयार होतं!

निघायच्या दिवशी स्टँडवर, खिडकीशेजारी बसल्यावर, त्यांनी सहज सांगितलं, "चंदूला देतो मी कारखाना. तू इथंच राहा. तुझं इथं बरं चाललंय."

आणि मी, ज्याला नेमकं हेच हवं होतं, तो भर स्टँडवर भडकलो. "मला न विचारता? विचारायला म्हणून आला होतात ना? कारखाना माझा नाही का?"

"तू हो म्हणणार होतास?"

"नाही!"

"मग झालं तर," बाबा म्हणाले, आणि गाडी हलली.

पेणला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, हसू नका. घर सोडणं एका दिवसात होत असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. इतकी वर्षं बाबांनी त्या कारखान्यात माझी जागा रिकामी धरून ठेवली होती, आणि मी इथं ऐटीत 'येणार नाही' म्हणत बसलो होतो. ती रिकामी जागाच माझं घर होती, हे ती भरल्यावर कळलं. आता चंदूला फोन करतो, पितांबराचा पिवळा भडक करू नकोस, डोळे बाबांनाच आखू दे म्हणून बजावतो. तो लाघवीपणानं म्हणतो, "होय दादा. तुमची मूर्ती कुठली ठेवू? किती फुटांची?"

म्हणजे मी आता गिऱ्हाईक.

मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, मी येऊन निवडीन. आणि नीट बघून घेईन, कुठं भंगलेली नाही ना.